आजोबांचं अंथरूण

३ नोव्हेंबर

पोचले. हेलिकॉप्टरवाल्यांनी पिठाची पोती हलक्या हाताने खाली ठेवली आणि मला नुसतंच ढकललं. वर बघेपर्यंत ते निघूनही गेले. मी मांडीभर बर्फात उभी राहून एकटीच हसत होते.

नदीच्या वळणावर लार्चच्या झाडीत दोन तंबू आहेत. मोठ्यात रेनडिअर राखणाऱ्या टोळीचे प्रमुख निकिफोरकाका, त्यांची बायको फ्योक्लाकाकू आणि आता मी. धाकट्यात काकांचा भाऊ येगोर आणि केशा नावाचा गुराखी. येगोर शिकारीला गेलाय, अजून बघितला नाही. आधीची तंबूवाली लग्न करून गावी गेली. तिच्या जागी मी आले. रेनडिअर पुरुषांनी बघायचे. शिवण, शेगडी, भाकरी आणि अंथरुणं माझ्याकडे.

आईच्या हाताखाली मी लहानपणापासून कातडं शिवतेय, पण वाढले वसतिगृहात. हिवाळा तंबूत काढायची ही पहिलीच वेळ. ते मी सांगितलं नव्हतं, पण माझं सामान उघडल्यावर सगळ्यांना कळलंच. शहरातल्या दुकानातून घेतलेली कापसाची झोपायची पिशवी काकूंनी दोन बोटांत धरून बघितली आणि गावातल्या कोंबड्यांना छान होईल म्हणाल्या. माझं निळं जाकीट बघून केशाने विचारलं की हे जाकीट आहे की सरकारने पाठवलेला शोकसंदेश. पिशवी आता बेल्का कुत्रीकडे गेली. ती खूश आहे.

रात्री मगजाच्या नळ्या फोडल्या. पोट तट्ट भरलंय. मला इथे आवडेल.

५ नोव्हेंबर

आज दिवसभर कातडी निवडत होते. झाडांमध्ये उंच मचाणावर आणि खाली बर्फावर ओढायच्या स्लेजवर कातड्यांच्या थप्प्या आहेत. काकू म्हणाल्या, तुझी झोपायची खोळ तूच शीव, दुसऱ्याच्या मापाच्या खोळीत दुसऱ्याचीच झोप लागते.

अंगावरच्या डगल्याला उन्हाळा संपताना मारलेल्या वासराचं कातडं घ्यायचं. केस आखूड असतात, झडत नाहीत. झोपायच्या खोळीला मात्र उशिरा मारलेल्या मोठ्या जनावराचं, दाट केसांचं. ते झडतं, भाकरीत आणि चहात केस येतात, पण त्यातला प्रत्येक केस आतून पोकळ असतो आणि उबेला धरून ठेवतो. बुटांना पायाची कातडी आणि आत वाळलेलं गवत. गवत रोज बदलायचं. आळस केला की बोटं जातात. केशाचं करंगळीचं बोट असंच गेलंय. तो म्हणतो, नऊ बोटांनी बूट सैल होतो, आराम वाटतो.

अंथरुणाला खाली लार्चचे शेंडे, त्यावर एक कातडं केस खाली करून, त्यावर दुसरं केस वर करून, आणि त्यावर खोळ. खोळीत शिरताना सगळे कपडे काढायचे, फक्त पातळ लोकरी सदरा ठेवायचा. घामाचे कपडे घालून झोपलं तर पहाटे त्यांचा बर्फ होतो. तोंड खोळीत घालून श्वास सोडायचा नाही, तेही त्याच कारणासाठी. गळ्याशी दोरी असते, ती आतून आवळून घ्यायची. नाक तेवढं बाहेर.

आईने हे सगळं सांगितलं होतं. पण मे महिन्यात सांगितलेलं डोक्यात राहत नाही.

८ नोव्हेंबर

खोळ झाली, दुहेरी, आत केस आणि बाहेरही केस. काल पहिल्यांदा तिच्यात झोपले. शेगडी विझून तंबूच्या छताला आतून बर्फ धरला होता आणि मी आत भाकरीसारखी गरम.

सकाळी काकू आणि केशा यांचं जुनंच भांडण नव्याने सुरू झालं. केशा खोळीत झोपत नाही, सशाच्या कातड्यांची गोधडी पांघरतो. खोळीत त्याला बाळंतघरात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. कळप उधळला तर उठून पळता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काकू म्हणाल्या, पळशील रे, पण सकाळी तुझं लाकूड झालेलं असेल, लाकडं कुठे पळतात. केशा दात वाजवत चहा पीत होता.

थंडी वाढतेय. थुंकी खाली पडताना वाजते.

११ नोव्हेंबर

येगोर आला. पाय ओढत, एकटा, स्लेजवर काहीच नाही. जेवला नाही. डगला माझ्याकडे टाकून म्हणाला की फांदीत अडकून फाटलाय, शिवून दे. डाव्या बाहीवर खांद्यापासून कोपरापर्यंत चार चिरा, एकमेकींना समांतर. आतल्या बाजूला रक्त गोठलेलं. मी शिवलं. कुठल्या झाडाला अशा फांद्या असतात ते विचारलं नाही.

जेवणानंतर दोघे भाऊ बाहेर गेले. बोलणं ऐकू आलं नाही. पण आत आले तेव्हा येगोरचा ओठ फुटलेला होता आणि निकिफोरकाका आपली मूठ बर्फात दाबून धरत होते.

१३ नोव्हेंबर

सकाळी खालच्या स्लेजवरची कातडी गेलेली. दोऱ्या तुटलेल्या. दोन मादी रेनडिअर झाडीत मरून पडलेल्या, माना मागे वळलेल्या, आणि एकीलाही खाल्लेलं नाही.

निकिफोरकाकांनी माग बघितला. कुणाला काही सांगायच्या आधी त्यांनी टोपी काढली. मग काकूंना म्हणाले की आजोबा आहेत. आमच्यात अस्वलाचं नाव घेत नाहीत, आजोबाच म्हणतात. पण आजोबांनी आता झोपलेलं असायला हवं. ते पहिल्या बर्फालाच बिळात जातात.

मग येगोरला बोलावं लागलं. त्याने बीळ शोधलं होतं. औषधासाठी आजोबांच्या पित्ताला व्यापारी चांगला भाव देतो म्हणून एकट्यानेच काठीने ढोसून उठवलं आणि गोळी झाडली. ती बसली, पण नीट बसली नाही. आजोबा त्याच्या अंगावरून निघून गेले. येगोर मागावर न जाता इकडे परत आला, आणि काकांचा ठोसा खाऊनही दोन दिवस गप्प बसला. जखमी सोडायचं नाही हे आमच्याकडे पोरंसुद्धा जाणतात.

काकू त्याला फार शांतपणे म्हणाल्या, “तू त्याची झोप मोडलीस, येगोर. आता तो कुणाला झोपू द्यायचा नाही.”

मागाची रेघ मला केशाने दाखवली. कातडी तोंडात धरून ओढत नेल्याची रुंद रेघ. ती उधळलेली नव्हती. सरळ गेलेली, कामाला निघालेल्या माणसासारखी.

१४ नोव्हेंबर

रेडिओवरून गावाशी बोलणं झालं. ते येतील, पण धुकं फिटल्यावर. थंडीचं धुकं आहे हे. श्वासही त्यात लटकून राहतो. समोरचा तंबू दिसत नाही.

काकांनी हुकूम काढला की कुणीही खोळीची दोरी आवळायची नाही, बूट पायात ठेवून झोपायचं. काकूंनी ऐकलं नाही. दोरी मोकळी ठेवून या थंडीत झोपणारा सकाळी उठतच नाही, मग आजोबांना त्रास तरी कशाला, असं म्हणाल्या. काका म्हणाले, बांधलेल्या माणसाला हातसुद्धा बाहेर काढता येत नाही. काकू म्हणाल्या, गोठलेल्याला तरी कुठे येतो.

दोघांचंही खरं आहे. तेच वाईट आहे.

मी खोळीतून उठून केशासारखी गोधडी घेऊन बघितली. तासाभरात गुडघ्यांखाली काही लागेना. परत खोळीत शिरले. दोरी अर्धी आवळली. बोटं गाठीवर ठेवून झोपले.

१६ नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. आज लिहिते. मला ते कुठेतरी ठेवून द्यायचंय.

येगोर परवा रात्रभर कळपावर होता. काल पहाटे केशा गेला आणि येगोर धाकट्या तंबूत झोपला. दुपार होती, धुकं जरा विरळ झालं होतं. उजेड होता. काकू आणि मी चहासाठी नदीचा बर्फ फोडत होतो, काका लाकडं फोडत होते. बेल्का भुंकली नाही. ती नंतर तंबूमागे सापडली, चपटी झालेली.

धाकटा तंबू एका बाजूने आत बसला. मग त्यातून आजोबा मागच्या मागे बाहेर आले, वाकून, हमाल पोतं ओढतो तसे. तोंडात खोळ होती. पायाकडून धरलेली. दुसऱ्या टोकाला येगोरचं तोंड. त्याने दोरी आवळली होती. अगदी नाकापर्यंत. सांगूनही आवळली होती. थंडीच तशी होती.

फक्त डोळे दिसत होते. आतून हातपाय मारत होता तो, कातडं सगळीकडून फुगत होतं, जाळ्यात मासे असतात तसं. ओरडत होता पण आवाज केसांत जात होता.

काका कुऱ्हाड घेऊन धावले. मानेवर घाव बसला, मी बघितला, रक्त उडालं. आजोबांनी खोळ न सोडता एक पंजा मारला. काका झाडावर आपटले. तंबू शेगडीवर पडून पेटला. काकू आणि मी बर्फ टाकत राहिलो, पण तंबू गेला. आत रेडिओ होता, तोही गेला. येगोरची बंदूक तेवढी काकूंनी ओढून काढली.

खोळ बर्फावरून किती सहज घसरत जाते! केसांची टोकं मागे राहतील त्या बाजूला. मीच त्याला सांगितलं होतं की केसांची टोकं गळ्याकडे ठेव, म्हणजे बर्फ आत शिरत नाही.

धुक्यात गेल्यावरही ऐकू येत होता. या थंडीत आवाज लांब जातो.

काकांच्या बरगड्या मोडल्यात. मी पट्टा आवळून बांधला, पण आज त्यांना उभं राहता आलं नाही. ते काडतुसं मोजत बसले, पुन्हा पुन्हा.

१७ नोव्हेंबर

सकाळी काका आणि केशा काकांची बंदूक घेऊन मागावर गेले, येगोरची आमच्याकडे ठेवली. काकूंनी अडवलं नाही. भाऊ आहे, म्हणाल्या.

केशा एकटा आला. दुपारी. आधी मला वाटलं त्याने लाल टोपी घातलीय. डोक्याची कातडी कपाळापासून सुटून डाव्या डोळ्यावर लोंबत होती आणि तो ती हाताने वर धरून चालत आला होता. बंदूक नव्हती. एक हातमोजा नव्हता.

शिवलं. दुसरं कोण शिवणार? रेनडिअरच्या पाठीच्या शिरेचा दोरा, बारीक तिधारी सुई, बुटांना वापरते तीच. आधी उकळून घेतली. काकूंनी त्याचं डोकं मांडीत दाबलं. माणसाची कातडी वासराच्यापेक्षा मऊ असते आणि निसटते. हाडापर्यंत पांढरं दिसत होतं. तो बेशुद्ध झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं. मधेच म्हणाला, “शिंपीणबाई, टाका बारीक घाल हं, पोरी बघतात.” काकू हसल्या. मग रडल्या. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

मग त्याने सांगितलं.

मोठं लार्च उन्मळून पडलंय, त्याच्या मुळांखाली खड्डा आहे. खड्ड्यात आमची कातडी होती. पसरलेली. खालची केस खाली करून, वरची केस वर करून. केशा म्हणाला, मी तीनदा बघितलं, अकुलीना, तू घालतेस तसंच. आणि मधोमध येगोर. खोळीत. गाठ तशीच आवळलेली.

मी विचारलं, जिवंत होता का.

केशा म्हणाला, पापण्या हलत होत्या.

आजोबा कुठे दिसेनात. काकांनी बंदूक केशाकडे दिली, खाली उतरले, खोळ ओढायला वाकले. आणि बाजूची कातडी उठून उभी राहिली.

ते तिथेच होते. कातड्यांखाली. पांघरून घेऊन पडले होते.

केशाने एक गोळी झाडली, मग त्याला पंजा बसला. पळाला. आपण पळालो हे त्याने दोनदा सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. मागे काकांचा आवाज येत होता, म्हणाला, आणि मग तो आवाज काकांसारखा राहिला नाही.

काकू ऐकत होत्या. सगळं ऐकून त्यांनी शेगडीत लाकूड घातलं.

१८ नोव्हेंबर

काकू गेल्या.

सकाळी पोटभर जेवल्या. केस विंचरून घट्ट वेणी घातली. नवे बूट काढले, गवत नवं घातलं, हाताने दाबदाबून. जाऊ नका म्हणून मी पाया पडायचीच बाकी राहिले होते. माझा माणूस तिथे उघड्यावर पडलाय आणि मी इथे खोळीत झोपू काय, एवढंच म्हणाल्या. मी बंदूक घ्या म्हटलं. त्यांनी घेतली नाही. ती तुम्हा दोघांना, म्हणाल्या. त्यांनी काकांचा जुना भाला घेतला, लांब दांड्याला सुरीसारखं पातं असतं तो. दारातून वळून सांगितलं की केशाला माझ्या खोळीत घाल, ती जास्त दाट आहे, आणि शहरासारखी लाजत बसू नकोस.

धुक्यात दोन पावलांवर दिसेनाशा झाल्या.

नंतर त्यांचा आवाज आला. लांबून, पण शब्द न् शब्द. आजोबांशी बोलत होत्या. रागावून नाही. घरातल्या म्हाताऱ्याला दटावावं तसं. “ऊठ. माझ्या माणसावरून ऊठ. झालं तुझं. ऊठ म्हणते ना.” बराच वेळ. केशाने माझा हात धरला होता.

मग दांडा मोडल्याचा आवाज.

मग काही नाही.

१९ नोव्हेंबर

रेनडिअर उधळलेत, एकही नाही. केशाला चालवत नाही. गाव पायी गाठणं होत नाही. धुकं तसंच.

लाकूड संपत आलं. जळक्या तंबूचे दांडे तोडून घालते. बाहेर जाते तेव्हा बंदूक दाराशी ठेवते. परत येईपर्यंत श्वास धरते.

केशाला काकूंच्या खोळीत घातलं. खूप रक्त गेलंय त्याचं, अंगात ऊब धरत नाही. दोरी आवळू नको म्हणाला. लहान मुलासारखं म्हणाला. तोच केशा. मी आवळली नाही. थोड्या वेळाने ओठ निळे झाले, बोलणं जड झालं. तेव्हा आवळली. तो माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघितलं.

मी खोळ घेत नाही. डगला, त्यावर दुसरा डगला, पाय गोधडीत. झोप येते. उठून उभी राहते. पुन्हा येते.

तंबूभोवती पावलं आहेत. रोज नवी. आत येत नाहीत. थांबतात. आमची कातडी हुंगतात बहुतेक. आम्ही ज्यावर झोपतो ती.

२० नोव्हेंबर, सकाळ

केशाला सुचलं ते. मला नाही. हे लिहून ठेवते. त्याला सुचलं.

तो म्हणाला की धुक्यात तुला आजोबा दिसायचे नाहीत, दिसतील तेव्हा अंगावर असतील. तेव्हा ते कुठे येणार ते आपणच ठरवू. मला खोळीत बांध आणि दारात ठेव. ते पायाकडून धरतात, खाली वाकतात, त्या वेळी मान उघडी पडते. तू आतून झाड.

मी नाही म्हटलं. ओरडले त्याच्यावर. तो ऐकून घेत होता.

मग म्हणाला, “मी तसाही जातोय, अकुलीना. नुसता थंडीने जाऊ नको देऊस.”

मी म्हटलं, तुला लागली तर.

म्हणाला, तर मग टाके घाल. सवय आहे तुला.

तीन काडतुसं. शेगडीत शेवटचा दांडा.

बांधलं त्याला. घट्ट. दाराशी ओढत नेलं. हलका झालाय. तोंड माझ्याकडे, पाय बाहेर. मी त्याच्या कपाळाला ओठ लावले, टाक्यांच्या खाली. बर्फासारखं.

वाट बघते आहे.

त्याच दिवशी

आले. उजेड होता. आवाज नाही, फक्त वास. मग धुकं काळं झालं.

धरलं. पायाकडून. केशा ओरडला नाही. माझ्याकडेच बघत होता. “आत्ता,” म्हणाला. मान दिसत होती, मी झाडली. आजोबा वाकले, पुन्हा उठले, खोळ तोंडातच. दुसरी झाडली. केसांचा जळका वास. खोळ सुटली. शेगडी लाथेने गेली, ठिणग्या, मी तोंडावर पडले. उठले तेव्हा ते नव्हते. बर्फावर रक्ताचा पट्टा गेलाय, रुंद. झाडीकडे. किती लागलंय कळत नाही. मेले असतील. मेलेच असतील.

केशाला आत ओढलं. बोलतोय. जिवंत.

पण खोळीच्या पायाकडून रक्त येतंय. एक भोक फाटलेलं आहे, ते दातांचं. त्याच्या वर एक गोल भोक आहे. केस करपलेले.

ते माझं आहे.

उघडायला हवी. पाय बांधायला हवा. टाके उसवून दोरी रक्ताने भिजलीय, गोठून दगड झालीय. सुरी लावली, थंडीने पातं मोडलं. कुऱ्हाड बाहेर. शेगडी उलटी, विझलेली. गाठ माझ्या डगल्यात घेऊन पोटाशी धरलीय. वितळतेय. हळू. त्याचं डोकं माझ्या छातीशी आहे. एका हाताने लिहिते, नाहीतर झोप लागेल, नाहीतर ओरडेन —

हेलिकॉप्टर.

खरंच. नदीवर. केशालाही आलं ऐकू. फिरतंय. धुक्यात उतरता येत नसेल. फिरतंय —

लांब गेलं. परत येईल. केशा म्हणतो पेट्रोल असेपर्यंत फिरतात.

गाठ मऊ होतेय. पहिला फेरा सुटला. मी त्याला माफ कर म्हटलं. तो म्हणाला, नेम वाईट नाही तुझा, शिंपीणबाई —

बर्फ वाजला.

मागच्या बाजूला. कापडापलीकडे. थांबला. पुन्हा —

केशा म्हणतो बंदूक घे. बंदूक तिकडे दाराशी, हात पोचत नाही, त्याला खाली ठेवावं लागेल, ठेवलं तर गाठ पुन्हा गोठेल. म्हणतो आधी बंदूक. रागावतोय. बांधलेला नाही ठेवणार मी याला, या वेळी नाही. दुसरा फेरा सुटला. एकच राहिला. कापड आत येतंय. आधी हा फेरा, मग बं —